भाईदासच्या नावावर गेलेला हात

“हात तेन्हा गया ना, मंग नाव बी तेन्हंच लिख, पोरी.”

शेजारच्या उषाबाईंनी हे सांगितलं तेव्हा धनश्रीच्या एका हातात फॉर्म होता, कडेवर दीड वर्षांची चंचल होती, आणि दोन पावलांवर स्ट्रेचरवर तिचा नवरा गजेंद्र पडला होता. त्याचा उजवा हात कारखान्यातल्याच कोऱ्या कापडात गुंडाळलेला होता. ते कापड मुळातच गुलाबी होतं की रक्तानं तसं झालं होतं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. दवाखान्यातला झाडूवाला जमिनीवरचे थेंब पुसायचे सोडून चुकवत चुकवत ये-जा करत होता.

कारखान्याचा मुकादम भगवान खिडकीपाशी उभा राहून घाई करत होता. त्यानं गजेंद्रच्या मोठ्या भावाचं, भाईदासचं विम्याचं कार्ड केव्हाच आत सरकवलं होतं. कार्ड आहे तर इलाज आहे, नाहीतर उचला याला आणि जा खाजगीत, असं तो आधी गुजरातीत, मग हिंदीत आणि शेवटी मराठीत बोलला. त्या घोळक्यात इंग्रजी फॉर्म वाचू शकणारी धनश्री एकटीच. अमळनेरच्या कॉलेजात बी.ए. झालेली. गजेंद्र सुरतेत ‘सुपरवायझर’ आहे असं सांगून तिला सुरतेच्या डिंडोली वस्तीत आणलेलं.

“मावशी, तुम्हाला कागदातलं कळत नाही,” ती म्हणाली. उषाबाईंकडे तिनं मान वळवूनही पाहिलं नाही. सुवाच्य अक्षरात तिनं जेठाचं, भाईदासचं नाव लिहिलं.

उषाबाईंना कागदातलं किती कळत होतं ते तिला नंतर समजलं. त्यांचा नवरा रंगाई मिलमध्ये मामेभावाच्या कार्डावर उभा राहायचा. वाफेचा पाइप फुटून तो उकडून मेला, आणि कागदावर मेला तो मामेभाऊ. तो मामेभाऊ आजही उधन्याला भाजी विकतो. उषाबाईंचं कपाळ मोकळं आहे, पण सरकारदरबारी त्यांचा नवरा हयात आहे.

बदलीवर उभं राहण्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. कार्ड मोजक्या जुन्या कामगारांचं. त्यांतला एखादा गावी गेला की त्याच्या यंत्रमागांवर त्याचाच कोणी भाऊ, मेहुणा उभा राहतो आणि हजेरी कार्डवाल्याच्या नावानं लागते. शहाण्णवच्या श्रावणात भाईदास आणि त्याची बायको कमल कानबाई देवीच्या सणासाठी गावी गेले. खानदेशातल्या माणसानं वर्षभर कुठंही मरावं, पण कानबाईच्या रोटाच्या नैवेद्याला घरी असावं. दोघा भावांपैकी एकानं जायचं ठरलं. थोरला गेला. गावात रोटाचे गहू मोजताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घालतात, तशी गजेंद्रच्या नावाचीही घातली गेली. आणि तिकडे कानबाई नदीवर निघाली त्या सोमवारी सकाळी दहा वाजता गजेंद्र भाईदासच्या नावानं सुरतेत उभा होता.

मागाच्या बाजूच्या दातेरी चाकांवर जाळी नव्हती. कधीच नव्हती. अडकलेला धागा काढायला त्यानं हात घातला, आणि चाकांनी आधी बोटं, मग तळवा ओढून घेतला. वीज बंद करेपर्यंत चाकं फिरतच राहिली. अंगठा आणि तीन बोटं तिथंच राहिली. उरली ती करंगळी, एकटी.

*

जखम भरायला पाच महिने लागले. मग अपंगत्वाच्या पेन्शनसाठी डॉक्टरांच्या बोर्डासमोर बोलावणं आलं, अर्थातच भाईदासला. मुकादमानं गजेंद्रला पढवून पाठवलं: वडिलांचं नाव एकच आहे, आडनाव एकच आहे, भिऊ नको. गजेंद्रनं जन्मतारीख पाठ केली. धनश्री दाराबाहेर चंचलला घेऊन उभी होती आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

तारीख बरोबर सांगितली. कारखाना बरोबर सांगितला. मग एक म्हातारे डॉक्टर, बहुधा दया येऊन, हात तपासता तपासता म्हणाले, घरी कोण कोण आहे बाबा?

“एकच पोरगी आहे साहेब,” गजेंद्र म्हणाला. “चंचल.”

कार्डावर भाईदासची दोन मुलं होती. नावासकट.

आत कागद उलटल्याचा आवाज आला. कडेवरच्या चंचलनं स्वतःचं नाव ऐकून दाराकडे बोट केलं आणि ती हसली.

फेब्रुवारीत पत्र आलं. अर्जदार आणि विमाधारक एकच व्यक्ती असल्याचं सिद्ध होत नाही, सबब अर्ज नामंजूर. धनश्रीनं ते मोठ्यानं वाचलं. गजेंद्र जमिनीवर बसून डाव्या हातानं वरणभात खात होता. तो उठला आणि उजवा थोटा हात त्यानं भिंतीवर मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ती धरायला धावली तेव्हा चौथा घाव तिच्या गालफडावर बसला. हाडासारखा कडक. आधी कोण किंचाळलं हे सांगता येणार नाही, कारण लागलं दोघांना. जखमेची नवी कातडी फाटली होती. रक्त तिच्या गालावर होतं आणि ते तिचं नव्हतं.

“तूच लिहिलं ना नाव,” तो म्हणाला. “शिकेल-सवरेल बायको.”

तिनं चंचलला आधी फळीखाली सरकवलं होतं. असं काही होणार हे तिला पत्र उघडतानाच वाटलं होतं. हल्ली तिला सगळंच आधी वाटायचं. विळी कुठे आहे, दाराची कडी कोणत्या बाजूला आहे, खोलीत शिरलेल्या माणसाचे हात कुठे आहेत, हे ती न ठरवता बघून घ्यायची.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी भगवान मुकादम दोन माणसं घेऊन आला तेव्हा तिनं पहिल्यांदा त्याचे हात पाहिले. रिकामे होते. मग ते रिकामे राहिले नाहीत. त्यानं चंचलला उचललं आणि खाटेवर मांडीत घेऊन बसला.

त्याची माणसं डबे उलटे करू लागली. डाळ, मीठ, तांदूळ जमिनीवर. एकानं गादी फाडली. गजेंद्र उठला तर दुसऱ्यानं त्याला छातीत लाथ घालून चुलीवर पाडलं. दवाखान्याचे कागद पाहिजेत, मुकादम गोड आवाजात सांगत होता. विमा कचेरीतून शेठकडे चौकशी आली आहे. शेठनं कळवलंय की गजेंद्र नावाचा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच. भाईदास लिहून देणार आहे की भावानं कार्ड चोरलं. हात कुठे कापून घेतला, देव जाणे. आता कागद द्या, गावी जा, सुखानं राहा.

हे सांगताना तो चंचलची बोटं एकेक करून धरत होता. अंगठा धरला. सोडला. पहिलं बोट धरलं. “केवढी नाजूक,” तो म्हणाला. “मागावर तर लगेच जातील.” चंचल त्याच्या मिशीला हात लावत होती.

धनश्रीचं सगळं अंग कानात आणि त्या बोटांत गोळा झालं. कागद कुठे आहेत ते ती सांगणारच होती. शब्द ओठावर आले होते. तेवढ्यात दारात उषाबाई उभ्या राहिल्या, हातात धुण्याचं उकळतं पाणी भरलेलं पातेलं.

“भगवान,” त्या म्हणाल्या, “मायनं नाव देवनं ठेवं अन् तू धंदा कसाईना धरा. पोरले खाले ठेव. मन्हा हात कापतंस रे भो, वयच तसं शे. हाई पाणी कोठे सांडी, मी सांगू नही शकत.”

एक माणूस हसला. उषाबाईंनी पातेलं त्याच्या पायावर कलतं केलं. तो ओरडत एका पायावर गल्लीत गेला, आणि गल्लीतल्या बायका बाहेर आल्या. इतक्या डोळ्यांसमोर मुकादमानं चंचलला खाली ठेवलं, केसांवरून हात फिरवला आणि निघाला. जाताना त्यानं गजेंद्रच्या थोट्या हातावर बूट ठेवून क्षणभर भार दिला.

कागद पिठाच्या डब्यात होते, पिठाच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत. तो एकच डबा उलटा करायचा राहिला होता. घर सावरल्यावर उषाबाईंनी गजेंद्रच्या हातावर हळद दाबली. दवाखान्यातल्या त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही. धनश्रीला वाटलं, काढला असता तर बरं झालं असतं.

*

कामगार संघटनेच्या वकीलबाई विदर्भातल्या होत्या आणि त्यांचं बोलणं तोडून टाकल्यासारखं होतं. धनश्रीनं काही न लपवता सगळं सांगितलं. फॉर्म मी भरला, नाव मी लिहिलं, हेही.

बाई म्हणाल्या, भाईदासच्या नावानं अपील करायला जाऊ नका. त्या खड्ड्यात आणखी खोल जाल. अपील नको, वेगळा दावा करायचा. विमा न्यायालयात, गजेंद्रच्या स्वतःच्या नावानं. तो त्या कारखान्यात राबत होता हे सिद्ध झालं की मालकानं कार्ड काढलं नव्हतं हा मालकाचा गुन्हा, कामगाराचा नाही. पण त्याआधी स्वतःचं खोटं स्वतःच शपथेवर कबूल करा, त्यांनी चोरीचा आरोप घालायच्या आत. आधी बोलेल त्याचं ऐकलं जातं. डिस्चार्जचा कागद, नाकारल्याचं पत्र, सगळ्याच्या प्रती काढून एक संच माझ्याकडे, एक तिसऱ्याच घरी. आणि एक माणूस आणा. फक्त एक. जो सांगेल की त्या सोमवारी भाईदास सुरतेत नव्हता.

“भाईदास आत जाईल का?” धनश्रीनं विचारलं.

“सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या. “नवरा चोर ठरवायचा की कामगार, तेवढं ठरवा.”

मागांवरचा कोणीच तयार झाला नाही. शेजारच्या मागावरच्या काशिनाथनं तर चाकांतून गजेंद्रची बोटं स्वतः वेचली होती. धनश्री समोर येताना दिसली की तो रस्ता ओलांडून जायचा. त्या सोमवारी गावी सगळी भाऊबंदकी भाईदासला कानबाईपुढे नाचताना बघत होती, पण भाऊबंदकी भाऊबंदाविरुद्ध बोलत नाही. उरली कमल.

कमल जेठाणी असली तरी दोघी बहिणींसारख्या. कमलला अक्षर येत नव्हतं. तिची पत्रं धनश्री लिहायची. नळावर तिला गाठून धनश्रीनं विचारलं तेव्हा ती हंडा घासत होती. तिच्या मानेवर चार बोटांचे निळे वळ होते, पदरानं झाकलेले आणि झाकून न झाकलेले. आदल्या दिवशी भाईदासनं मुकादमाच्या कागदावर सही करायला घेतली, तिनं कागद ओढला, त्याचे ते वळ.

“मी काय सांगू धनू,” ती म्हणाली. “त्या येळले मन्हा डोकावर कानबाई व्हती. नदीवर नेई राहिंतूत. अन् हाऊ मन्हा म्होरे गुलालमा नाची राहिंता. आते मी म्हनू का, हाऊ तठे नव्हता? डोकावर तिले घिसन जे देखं, ते खोटं कशी करू?”

एप्रिलमधल्या एका बुधवारी सकाळी दोघींनी कोर्टात जायचं ठरलं. कमल आदल्या दिवशी दुपारीच धनश्रीकडे आली, हातात काहीच न घेता, दळण आणायला निघाल्यासारखी. अर्ध्या तासात भाईदास तिच्या मागे आला.

लग्नाला तीन वर्षं झाली, भाईदास धनश्रीशी कधी सरळ बोलला नव्हता. जेठ भावजयीशी बोलत नाही. ‘तिला सांग’ असं भिंतीला सांगतो. तीही त्याच्यासमोर डोक्यावरून पदर घेऊन पाठ करायची. त्या दिवशी तो उंबऱ्यात थांबला आणि सवयीनं गजेंद्रला म्हणाला, “तुन्ही बायकोले सांग, मन्ही बायको बाहेर काढ.”

धनश्रीनं पदर घेतला नाही. “मी इथंच आहे, भाऊ. मलाच सांगा,” ती म्हणाली.

तो क्षणभर गडबडला. मग आत आला आणि त्यानं कमलचा अंबाडा धरून तिला उंबऱ्याकडे ओढलं. ती खाटेच्या लोखंडी पायाला धरून राहिली. खाट तिच्यासकट सरकत गेली. गजेंद्र मध्ये पडला. दोघं भाऊ भिंतीवर आदळले, देव्हारा खाली आला, तांब्या घरंगळत गल्लीत गेला. गजेंद्र डाव्या हातानं मारत होता आणि ते मारणं लहान पोरासारखं होतं. भाईदासनं त्याला गुडघ्याखाली घेतलं, त्याचा थोटा हात पकडला आणि उरलेली ती एकच करंगळी मागे वाकवायला सुरुवात केली.

“सांग चोरं. सांग, कार्ड चोरं व्हतं.”

“भाऊ,” गजेंद्र म्हणत होता. “भाऊ. भाऊ.” दुसरं काही नाही.

भाईदास रडत होता, हे धनश्रीनं पाहिलं. रडता रडता तो वाकवत होता. त्याची नोकरी जाणार होती, मुकादमानं त्याच्याही मुलांची बोटं मोजली होती, हे सगळं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं आणि तरी हात थांबत नव्हता. तिनं चंचलला खिडकीतून उषाबाईंच्या हातात दिलं. मग विळीकडे पाहिलं. विळी कुठे आहे हे तिला नेहमीच माहीत असायचं. ती वाकली, तिनं पाटाला हात घातला.

पण आधी आवाज आला तो लाकडाचा. मोरीत धुणं बडवायला मागाचा एक तुटका दांडा ठेवलेला होता. कमलनं तो दोन्ही हातांनी उचलून नवऱ्याच्या खांद्यावर घातला होता. तो वळला तेव्हा दुसरा घाव कानाखाली बसला. तो होता तसाच आडवा झाला. कानातून रक्ताची बारीक धार निघाली आणि कॉलरमध्ये गेली.

कमल दांडा धरून उभी होती. “जित्ता शे का देख,” ती म्हणाली.

जिवंत होता. धनश्रीनं ओला पदर त्याच्या कानाला लावला. त्यानं डोळे उघडले, भावजयीचा हात आपल्या डोक्याखाली आहे हे पाहिलं आणि लाजून तोंड फिरवलं.

*

बुधवारी कमलनं शपथेवर सांगितलं आणि खाली अंगठा उठवला. डाव्या हाताचा. अंगठ्याची शाई तिनं पुसली नाही, पदराला लागेल म्हणून हात लांब धरून ती आपल्या घरी, मुलांकडे गेली. धनश्रीनं स्वतःचं प्रतिज्ञापत्रही दिलं: नाव मी लिहिलं, खोटं लिहिलं, कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं तेही. दावा दाखल झाला तो गजेंद्रच्या नावानं. त्याचं स्वतःचं नाव कोर्टाच्या कागदावर बघताना तो बराच वेळ त्यावरून करंगळी फिरवत राहिला. ती आता सरळ होत नाही.

कारखान्याच्या वकिलानं कमलला उलटतपासणीला मागितलं आहे. दिवाळीनंतरची तारीख पडली. त्या दिवशी ती उभी राहिली तर गजेंद्र कामगार ठरेल. नाही राहिली तर नुसता अंगठा किती टिकेल, वकीलबाईंनाही सांगता येत नाही.

आणि मे महिन्यात भाईदास कमलला घेऊन गावी गेला. एका कानानं त्याला आता ऐकू येत नाही. कारखान्यातून त्याला काढून टाकलं, तेही कागदावर काही न लिहिता. जाताना कमल टेम्पोत मागे बसली होती, दोन्ही मुलं तिच्या दोन बाजूंना. धनश्री धावत गेली तर भाईदासनं टेम्पो थांबवू दिला नाही. कमलनं हात हलवला नाही. तिचे हात पदराखाली होते आणि ते का बाहेर आले नाहीत, हाच विचार धनश्रीच्या मनात तेव्हापासून बसून राहिला आहे.

तीन पत्रं पाठवली. कमलला वाचता येत नाही, ती कोणाकडून तरी वाचून घेईल म्हणून आत फक्त ख्यालीखुशाली लिहिली. उत्तर नाही. गजेंद्र जाऊन आला. त्याला वेशीवरूनच परत पाठवलं. ‘मजेत शे,’ एवढंच त्याला चुलत्यानं सांगितलं.

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी कोणी त्या बाजूचं असेल तर धनश्रीचं एक मागणं आहे. गावाचं नाव ती इथे लिहीत नाही; वकीलबाईंनी नको म्हटलंय. पण बोरी नदीच्या काठी येत्या श्रावणात कानबाईला जाल, तर तिथे सुरतेहून परत आलेल्या, एका कानानं बहिऱ्या भाईदासचं घर विचारा. मारुतीच्या मागे, निळं दार. बाहेर बसून निघू नका. रोट खायला परक्याला बसवणार नाहीत, तर पाणी मागा. गहू मोजताना पाहिलेत तर त्यावरून काही कळायचं नाही, तिथे फक्त पुरुषांच्या नावानं मुठी घालतात. स्वयंपाकघरापर्यंत जा. कमल नावाची बाई आहे का बघा. तिला पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं द्यायला सांगा, आणि दोन्ही हात नीट बघा.